भरतीला बॅटरी लागत नाही

पाणी: अजून लांब

सगळे त्याला मिस्त्री म्हणत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये पस्तीस वर्षं घातलेला माणूस. अकरा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून रुतलेल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढून काढायचा त्याचा धंदा लेक बघत होती. घरी एकट्याला ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्याला ट्रकच्या केबिनमध्ये शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून बरोबर नेई.

"सुपरवायझर घेऊन फिरते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. "हात लावत नाही, नुसता बोलतो. सगळे सुपरवायझर तसेच."

त्या दुपारी धक्क्याखालच्या ओल्या वाळूत एका कुटुंबाची मोटार रुतली होती. धक्क्यावरून विंचचा दोर तिथवर पुरेना. लेकीने ट्रक उतारावरून खाली वाळूत घातला आणि पुढच्या बंपरवरच्या विंचने तीन दमांत मोटार कडक जमिनीवर आणून ठेवली. तिसऱ्या दमाला विंच कण्हली आणि कसलासा जळका वास आला. मोटारवाल्यांनी तोंडभर आभार मानले, हात हलवले, आणि गेले.

मग लेकीने ट्रक वळवला. तोंड धक्क्याकडे आलं आणि मागची चाकं खाली बसली. अगदी निवांत, पोटभर जेवलेला माणूस बसतो तशी.

"काही नाही," ती म्हणाली. "लोकांना ओढतो, आज स्वतःला ओढू."

तिने दोर उतारावरून वर नेला, होड्या बांधायच्या लोखंडी खुंट्याला अडकवला, परत येऊन विंचचा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं.

टक.

पुन्हा दाबलं. टक. दोर गुंडाळणारा ड्रम जागचा हलला नाही.

धक्क्यावर एक माणूस पाण्यात गळ टाकून बसला होता. शेजारी बादली, बादलीत काही नाही.

"कुणीतरी दार वाजवतंय बघा," तो वरून ओरडला. "उघडा की."

"भरती कधी हो काका?" लेकीने विचारलं.

"लागली ना मघाशी. तास-सव्वा तासात तुमच्या टपावरून पाणी जाईल."

तो ट्रक एवढंच त्या घराचं चालतं अंग होतं. तो गेला तर घरात चालणारं असं दुसरं काही उरत नव्हतं, मिस्त्री धरून.

•

पाणी: मागच्या टायरला

समोरच्या डॅशबोर्डवर व्होल्ट दाखवणारा काटा होता. मिस्त्रीनेच बसवलेला. लेक बटण दाबत होती तेव्हा त्याची नजर काट्यावर होती.

काटा साडेबारावर होता. टक झालं. काटा साडेबारावरच.

खरं तर तपासणी इथेच संपली. विंचची मोटर जोर लावते तेव्हा बॅटरीला असा काही हिसका देते, की काटा धाडकन खाली यायला हवा. काटा हलला नाही म्हणजे मोटरने घासच घेतला नाही. टक होतंय म्हणजे रिमोट ठीक, करंट सोडणारी सोलेनॉइडची डबीही काम करतेय. करंट निघतोय, त्याला परत यायला वाट नाही. परत यायची वाट म्हणजे अर्थ. मोटरच्या अंगावरून निघालेली जाड वायर, तिच्या टोकाचं तांब्याचं थिंबल, बंपरमागच्या चौकटीला बोल्टने आवळलेलं.

आणि जळका वास रंगाचा होता.

मिस्त्रीला हे सगळं एका टकमध्ये कळलं. बोलला मात्र तो वेगळंच.

त्याचं असं झालं होतं. झटक्यानंतर चाळीस दिवसांनी तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा लेकीने ट्रक दारात उभा करून ठेवला होता. बंपर, चौकट, सगळ्याला पिवळाधमक रंग, दोन हात मारलेले. "बघा बाबा, नव्यासारखा!" तिच्या नखांत पिवळा रंग होता आणि डोळ्यांखाली चाळीस रात्री. चाकाच्या खुर्चीतून मिस्त्रीची नजर नेमकी जिथे जायला नको तिथे गेली. थिंबल रंगावर बसलं होतं. तिने सगळं सोडलं होतं, छान रंगवलं होतं, आणि रंगावरच पुन्हा आवळलं होतं.

रंगावर अर्थ लावणं म्हणजे रजईतून हात मिळवणं, हे वाक्य त्याने आयुष्यात किमान दोनशे माणसांना शिवी जोडून ऐकवलं होतं. कारागीर त्याच्या तोंडाला कंटाळून सोडून जात. लेकीलाही त्याने कधी चांगलं म्हटलं नव्हतं. 'बरंय' ही त्याची सर्वात मोठी शाबासकी.

त्या दिवशी तो म्हणाला, "झकास."

लेक आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. बाबा झकास म्हणाले.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मग परवा. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जायचा तेवढ्यावर लहानसहान गाड्या निघत राहिल्या. निभतंय तर कशाला, असं करत महिने गेले. आज तीन दमांत तेवढं लोखंडही आतल्या आत जळून काळं पडलं होतं.

"आधी बॅटरी," मिस्त्री म्हणाला.

"मग अर्थ," लेक म्हणाली. तिला त्याचा क्रम पाठ होता. बॅटरी, अर्थ, वायरी, डबी, मोटर. लहानपणी पाढ्यांच्या आधी तिने हा क्रम म्हटला होता.

"आज अर्थ शेवटी."

"का?"

"मी सांगतोय म्हणून. आणि इंजिन बंद कर. आवाज नीट ऐकू दे मला."

तिने इंजिन बंद केलं. बाप कानाने दोष धरतो, हे तिला ठाऊक होतं. बापाने तो आधीच धरला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसरं काहीतरी निघावं, निदान दुसरंही काहीतरी निघावं, एवढीच त्याची इच्छा होती. एखादी वायर तुटलेली निघावी. उंदराने खाल्लेली असली तर उत्तमच.

•

पाणी: सायलेन्सरच्या तोंडाशी

"बॅटरीची टोकं घट्ट आहेत. दोन्ही."

"हलवून बघ."

"हलवली. बॅटरी हलतेय, टोकं हलत नाहीत."

"टेस्ट लॅम्प घे. चिमटा बॅटरीच्या मायनसला लाव, टोक डबीच्या पहिल्या बोल्टला."

"पेटला."

"दुसऱ्या बोल्टला धर आणि बटण दाब."

"पेटला. चांगला झगझगीत."

"पुन्हा दाब."

"पेटलाय बाबा. पुन्हा पेटलाय."

"आता मोटरच्या टर्मिनलला."

"पेटला."

"नीट बघ. उन्हात कळत नाही."

"माझ्या डोळ्यांना झटका आलेला नाही."

"रिमोटची पिन काढ. गंजलीय का बघ."

"चकचकीत आहे. बाबा, मोटरपर्यंत करंट जातोय. मग रिमोटचं काय घेऊन बसलात?"

"क्रमाने जायचं."

"अहो मिस्त्री!" धक्क्यावरून गळवाला. "तुमचा क्रम किती लांबय? पाण्याचा एकच आहे. वर."

"तुम्ही मासे धरा!"

"मासे तुमच्याकडे यायला निघालेत."

"काका, ट्रॅक्टर मिळेल का कुणाचा?"

"मेव्हण्याचा आहे. केला फोन. खाडीच्या पलीकडे आहे, पाऊण तास म्हणतो. त्याचा पाऊण तास म्हणजे बायको माहेरी जाऊन येते."

"बाबा, आता काय?"

"थांब जरा."

"बाबा."

"मोटरच्या आतले कार्बनचे ब्रश असतील. झाकण उघड."

"चार स्क्रू आहेत त्याला. पाणी बघताय ना?"

"उघड."

•

हात चालत असता तर

हात चालत असता तर मिस्त्री सीटवरून उडी मारून खाली उतरला असता, कुणाला काही न सांगता बंपरखाली पाठ टेकून शिरला असता, सतराचा पाना उलट्या हाताने लावून बोल्ट ढिला केला असता, खिशातल्या चाकूने थिंबलखालचा रंग चार बोटं खरवडून पांढरं लोखंड काढलं असतं, पुन्हा आवळलं असतं, वर येऊन पँट झटकली असती आणि म्हणाला असता, दाब. सहा मिनिटं. लेकीने विचारलं असतं, काय होतं? तो म्हणाला असता, काही नाही, ढिला होता. आणि ती झकास राहिली असती.

उजवा हात मांडीवर होता. कुणी विसरून गेलेल्या सामानासारखा. मिस्त्रीने डाव्या हाताने तो उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

•

पाणी: पुढच्या चाकाला, लेकीच्या पोटऱ्यांना

चौथा स्क्रू लेकीच्या हातून पाण्यात पडला. ती शोधायला वाकली आणि तिथेच वाकलेली राहिली.

"सापडत नाही," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. रडू असतं तर बरं झालं असतं, कारण ते त्याला ओळखीचं होतं. तिच्या आवाजात नुसती माफी होती. जणू स्क्रू नव्हे, तीच हरवली होती.

"सोड तो," मिस्त्री म्हणाला.

"झाकण बसणार नाही."

"सोड म्हणतो ना. ब्रश ठीक आहेत."

"तुम्ही बघितले नाहीत अजून."

"अर्थ गेलीय."

लेक सरळ उभी राहिली.

"लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लाव आणि टोक मोटरच्या अंगाला धर," तो म्हणाला. "पेटणार नाही."

तिने धरलं. पेटला नाही. तिने बॅटरीपासून बंपरपर्यंत नजर फिरवली. मग ती खाली वाकली, चौकटीमागे हात घातला आणि बोट बाहेर काढून बघितलं. बोटाला काळं होतं, काळ्यात पिवळं.

"रंग," ती म्हणाली.

"हो."

"मी लावलेला."

मिस्त्रीने काट्याकडे बघितलं. काटा साडेबारावर होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला ही चांगली जागा होती. आता कळलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं, आणि बापाला निदान पाण्याची तरी लाज वाटली.

"दवाखान्यातून आलो त्या दिवशी दिसलं होतं."

"आणि आज?"

"पहिल्या टकला."

हिशेबाने बघितलं तर तिने त्या वेळी चार गोष्टी बोलायला हव्या होत्या. ती एकच बोलली. "मग इंजिन कशाला बंद करायला लावलंत?"



दुसऱ्या गाडीला करंट द्यायच्या जाड वायरी सीटमागे होत्या. तिने त्यातली काळी ओढली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मोटरच्या अंगाला. दीड मिनिट. एवढंच काम होतं. मिस्त्रीने घड्याळात बघितलं नाही, तरी ती मधली पंचवीस मिनिटं त्याला केबिनमध्ये आपल्या शेजारी येऊन बसल्यासारखी वाटली.

"इंजिन चालू कर," तो म्हणाला. "नुसत्या बॅटरीवर एवढं ओझं निघणार नाही."

ती केबिनमध्ये चढली. ओली, थंड, त्याच्याकडे न बघता. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं, बंद पडलं. पुन्हा घरघरलं. पुन्हा बंद. मागे सायलेन्सर पाण्याखाली होता. इंजिन चालू असताना धुराच्या जोराने पाणी बाहेर राहतं. बंद इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये ते घरच्यासारखं आत येऊन बसतं. आता धुराला वाट नव्हती आणि काटा प्रत्येक घरघरीला खाली येत होता. साडेअकरा. अकरा.

"थांब. बॅटरी संपवशील."

"मग काय करू?"

"आहे तेवढ्यावर ओढ."

ती खाली उतरली. बटण दाबलं. टक झालं, आणि त्यामागून लगेच, नऊ महिन्यांचं साचलेलं ओरडावं तशी मोटर ओरडली. ड्रम फिरला. दोर पाण्यातून वर आला, ताठ झाला, त्यावरून थेंबांची ओळ उडाली. ट्रक कण्हला. मागची चाकं वाळूतून सुटल्याचा बदाबदा आवाज झाला.

"हललाऽऽ!" धक्क्यावरून गळवाला नाचला. "या, या, या!"

एक हात. दोन हात. मिस्त्री काट्याकडे बघत होता. दहा. साडेनऊ.

"थांबून थांबून!" तो ओरडला. "दम घेऊ दे तिला!"

लेकीने बोट काढलं, दहा मोजले, दाबलं. अजून अर्धा हात. नऊ. मोजले, दाबलं. चार बोटं. आठ. मोजले, दाबलं.

डबी टकटकटकटक करत राहिली, दात वाजावेत तशी. ड्रम हलला नाही.

तिने पुन्हा दहा मोजले. मग वीस. मग मोजायचं सोडून नुसती उभी राहिली. पुढची चाकं उताराच्या दगडी फरशीपासून दोन हातांवर होती. मिस्त्रीला केबिनमधून फरशी दिसत होती. फरशीवरचं शेवाळही दिसत होतं.

•

पाणी: पायरीवर, मग केबिनच्या तळाला

"मला राहू दे," मिस्त्री म्हणाला. "ट्रॅक्टर येईलच. मी काटा बघतो."

"काटा बघून काय होणार?"

"कळेल."

"बाबा, पट्टा सोडा."

त्याला डाव्या हाताने पट्टा सुटेना. खटका उजवीकडच्या बाजूने होता आणि उजवीकडे कुणी राहत नव्हतं. तिने आत वाकून तो सोडला. तिचे केस त्याच्या तोंडाला लागले. खारट होते.

तिने त्याला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. एकदा. दुसऱ्यांदा ती त्याच्यासकट गुडघ्यावर आली. तेव्हा गळवाला पँट वर न करताच पाण्यात उतरला.

"मी धरतो खांद्याला. तू पाय धर, पोरी. मिस्त्री, तुम्ही काही करू नका."

"तेच तर करतोय," मिस्त्री म्हणाला.

"वजन आहे हो तुमचं! सुपरवायझरची नोकरी मानवली."

लेक हसली. अगदी थोडं, नाकातून. मग पाण्यात पाय घसरला आणि हसू तिथेच राहिलं. दोघांनी त्याला दोन्हीकडून उचलून उतारावर आणलं, खुंट्याला टेकवून बसवलं. त्याच खुंट्याला ट्रकचा दोर होता. मिस्त्रीच्या पाठीला दोर लागत होता, ताठ, आणि लाट आली की त्यात बारीकसं थरथरणं यायचं.

गळवाल्याने मेव्हण्याला पुन्हा फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकून त्याने फोन खिशात ठेवला आणि काही सांगितलं नाही. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच गप्प बसला होता, त्यामुळे सगळं कळलं.

•

पाणी: बंपरच्या वर

पिवळा रंग आधी पाण्याखाली गेला.

मग वायपर सुरू झाले. कुणी नसताना, पाऊस नसताना, काचेवर इकडून तिकडे. गळवाला दोन पावलं मागे सरकला.

"हे काय?"

"खारं पाणी," मिस्त्री म्हणाला. "फ्यूजच्या पेटीत गेलं. ज्या वायरी एकमेकींना भेटू नयेत त्यांची गाठ घालून देतं."

उजवीकडचा दिवा लागला. विझला. डावीकडचा इंडिकेटर टुकटुक करायला लागला, ट्रकला कुठेतरी वळायचं असल्यासारखा. आणि मग हॉर्न. एकदम, पूर्ण दमाने, न थांबता.

लेकीने कानांवर हात ठेवले. मग काढले. ती उतारावर ओल्या कपड्यांत बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, बापापासून हातभर लांब. घरी जाताना ती याविषयी बोलेल की नाही, ते मिस्त्रीला कळत नव्हतं. घरी कसं जायचं, तेही कळत नव्हतं. त्याला फक्त ट्रकला काय होतंय ते कळत होतं, आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"कशाने वाजतोय?" तिने विचारलं. त्याच्याकडे बघितलं नाही.

"हॉर्नच्या रिलेत पाणी."

"बंद कसा होईल?"

"बॅटरी संपली की."

हॉर्नचा सूर हळूहळू खाली येऊ लागला. आधी किंचाळी होती, मग हाक, मग गुरासारखा हंबरडा. वायपर मध्येच थांबले, काचेच्या अर्ध्यावर.

"आता किती असेल?" लेक म्हणाली.

"किती काय?"

"व्होल्ट. आवाजावरून सांगायचात ना तुम्ही, मी लहान असताना." तिने मान तिरकी करून ऐकलं. "आठ."

मिस्त्रीने ऐकलं. लाट आली, बोनेटवरून गेली. तिचा चेहरा त्याला बाजूने दिसत होता, ओला, थकलेला, बरोबर उत्तराची वाट बघणारा. हो म्हणायला काही जात नव्हतं.

"चूक," तो म्हणाला. "साडेसहा. नीट ऐक."

ती ऐकत राहिली.